घोयऱ्याचे घर

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण पुष्कळदा ऐकतो. एखाद्याची मजल फार दूर जाणार नाही, असे सुचवावयाचे असले म्हणजे ती योजतात. वेळ पाहून मत बदलणाऱ्या माणसालाही आपण सरड्याचीच उपमा देतो. अशा रीतीने भाषेत ह्या प्राण्याच्या वाट्याला बहुधा उपहासच आला आहे. परंतु त्याची धाव कुंपणापर्यंतच का, त्या कुंपणावर त्याला असे काय मिळते आणि ते कुंपण हिरावून घेतले तर त्याचे काय होते, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. सरड्यांच्या गणगोतातील घोयरा नावाचा एक विलक्षण प्राणी आहे. त्याचा परिचय करून घेतला म्हणजे ह्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतील.

नांदेड आणि लातूर ह्या जिल्ह्यांत शेतांच्या बांधांवर बोर, बाभूळ, हिवर, तरवड, सीताफळ अशी झाडेझुडपे वाढलेली असतात. त्यांच्यावर मान खालीवर करीत बसणारा आणि चाहूल लागताच सुर्रकन पळणारा जो सरडा आपल्याला नेहमी दिसतो, तो साधा सरडा होय. घोयरा त्याहून निराळा. त्याचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा असतो आणि शेपटी घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेली असते. शेपटीसकट त्याची लांबी सुमारे 35 सेंटिमीटरपर्यंत भरते. त्याला धाव अशी ठाऊकच नाही. एक पाऊल पुढे टाकावयाचे, मग वाऱ्याने पान डोलावे तसे मागेपुढे डोलावयाचे आणि नंतर दुसरे पाऊल उचलावयाचे, अशी त्याची रीत. ह्या डोलण्यामुळे तो पानांत पान होऊन जातो आणि शिक्रा, भारद्वाज, साप ह्यांच्या नजरेतून सुटतो.

इंग्रजीत घोयऱ्याला ‘कॅमेलिअन’ म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘भूमीवरचा सिंह’ असा आहे. जगात ह्या कुळाच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर राहतात. त्याच बेटावरील एका जातीची 2021 साली नोंद झाली; तिचा नर शेपटीसकट जेमतेम दोन सेंटिमीटर लांब, म्हणजे आपल्या बोटाच्या पेरावर सहज मावेल एवढा असतो. भारतात मात्र ह्या कुळाची एकच जात आढळते. लॉरेन्टी नावाच्या ऑस्ट्रियातील निसर्गाभ्यासकाने 1768 साली तिला शास्त्रीय नाव दिले. त्या नावाचा अर्थ ‘सिंहलद्वीपाचा’ असा असला, तरी श्रीलंकेप्रमाणेच आपल्या देशातील कोरडी राने आणि झुडपी माळ हीही तिची जन्मभूमी आहे.

घोयऱ्याच्या शरीराची रचना पाहिली म्हणजे हा प्राणी केवळ फांदीसाठीच घडविला आहे, अशी खात्री पटते. त्याच्या प्रत्येक पायाची पाच बोटे दोन जुड्यांत विभागलेली असतात. एका जुडीत दोन आणि दुसरीत तीन. त्यामुळे पायाचा चिमटा तयार होतो आणि बारीक डहाळीही त्यात घट्ट धरता येते. शेपटी हा त्याचा पाचवा हात होय. पालीची शेपटी तुटली तर पुन्हा फुटते. घोयऱ्याची तुटली तर ती कायमचीच गेली. त्याच्या डोळ्यांवर पापण्यांचे शंकूसारखे आवरण असून मधोमध एक लहानसे छिद्र असते. हे दोन्ही डोळे एकमेकांवर अवलंबून नसतात. एक डोळा वर आकाशातील शत्रू न्याहाळीत असता दुसरा खाली पानावरील माशी शोधू शकतो. भक्ष्य दिसले म्हणजे मात्र दोन्ही डोळे एकाच दिशेला वळतात, अंतराचा अचूक अंदाज घेतला जातो, आणि जीभ बाणासारखी सुटते.

ह्या जिभेची करामत मोठी आहे. ती ताणली गेली म्हणजे त्याच्या धडाहून लांब भरते. जिभेच्या मुळाशी एक टोकदार हाड असून त्याभोवती लवचीक आवरणे व स्नायू असतात. धनुष्याची दोरी ताणावी त्याप्रमाणे हे स्नायू आवरणांना आधी ताण देतात. आणि तो ताण एकदम सुटला की जीभ फेकली जाते. जिभेच्या टोकावरील चिकट स्रावाला भक्ष्य चिकटते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तोंडात येते. पायांनी मंद असलेल्या ह्या प्राण्याला निसर्गाने जिभेची अशी चपळाई दिली आहे.

आता त्याच्या रंगांविषयी. घोयरा ज्या वस्तूवर बसतो तिचाच रंग धारण करतो, अशी सर्वत्र समजूत आहे. ती खरी नाही. लाल कापडावर ठेवल्याने तो लाल होत नाही. त्याचा रंग बदलतो तो ऊन, थंडी, भीती, राग, आजार किंवा दुसऱ्या घोयऱ्याची भेट ह्या कारणांनी. सकाळी अंग गार पडलेले असते तेव्हा तो गडद होतो, कारण गडद रंग उष्णता अधिक शोषून घेतो. दुपारी ऊन चढले म्हणजे तो फिकट होतो. रात्री झोपेत तर तो इतका फिका दिसतो, की दिव्याच्या उजेडात पानांमध्ये सहज ओळखू यावा. रंग बदलण्याची ही किमया कशी घडते, ह्यावर जिनीव्हा येथील शास्त्रज्ञांनी 2015 साली प्रकाश टाकला. मादागास्करमधील एका जातीच्या त्वचेतील काही पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांमधील अंतर कमीअधिक झाले म्हणजे त्यांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा रंग पालटतो, असे त्यांना आढळले. म्हणजे घोयऱ्याचा रंग हे ढोंग नव्हे. ती त्याच्या प्रकृतीची आणि मनःस्थितीची उघड भाषा आहे. ती ज्याला वाचता येते, त्याला घोयरा सुखात आहे की दुःखात, हे न सांगता कळते.

असा हा गमतीदार प्राणी पाहून तो घरी न्यावा, खोक्यात ठेवावा आणि मित्रांना दाखवावा, अशी इच्छा एखाद्या मुलाला होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी पुढे काय घडते ते पाहू. समजा, एका मुलाने बांधावरचा घोयरा पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी आणला. त्याने खोक्यात मऊ कापड अंथरले, वाटीत स्वच्छ पाणी ठेवले, भाकरीचा तुकडा आणि चार मेलेल्या माश्या ठेवल्या. मुलाच्या मनात माया आहे, ह्यात शंका नाही. पहिल्या दिवशी घोयरा अंग फुगवतो, तोंड वासून फिसकारतो आणि काळपट पडतो. दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यात पडून राहतो. पुढे त्याचे डोळे खोल जातात आणि तो भरदिवसा ते मिटून बसू लागतो. मुलाला वाटते, तो झोपला आहे. वस्तुतः तो मरणाच्या वाटेला लागलेला असतो. आणि करुण गोष्ट ही, की भरलेल्या वाटीशेजारी तो तहानेने मरत असतो.

असे का व्हावे? कारण साचलेले पाणी हे पाणी आहे, अशी ओळख ह्या प्राण्याला बहुधा पटत नाही. पानांवर थरथरणारा, चमकणारा दवाचा किंवा पावसाचा थेंब म्हणजे त्याचे पाणी. तो थेंब तो जिभेने टिपून घेतो. परदेशांत जे लोक हे प्राणी पाळतात, त्यांना पिंजऱ्यात पानांच्या फांद्या ठेवून त्यांवर दिवसातून अनेकदा फवारा मारावा लागतो किंवा वरून थेंब थेंब पाणी पडेल अशी व्यवस्था करावी लागते. पाण्याची उणीव राहिली तर मूत्रपिंडे बिघडतात. आपल्या बांधावर हे काम पावसाळ्यात पाऊस करतो आणि हिवाळ्यात दव करते. उन्हाळ्यात झुडपाची दाट सावली आणि भक्ष्याच्या अंगातील ओलावा ह्यांवर घोयरा आपला निभाव लावतो.

दुसरी गरज उन्हाची. घोयऱ्याच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. अंग तापल्यावाचून त्याला अन्नही पचत नाही. परंतु ऊन केवळ उबेसाठी लागते असे नव्हे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या साहाय्याने त्याच्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्यायोगे अन्नातील कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे उपयुक्त किरण फारसे उरत नाहीत. म्हणून काचेमागे किंवा खोलीत ठेवलेल्या घोयऱ्याची हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा दुबळा होतो आणि त्याची ती अचूक जीभही नेम चुकू लागते. लहान मुलांना होणाऱ्या मुडदुसासारखाच हा रोग आहे. तो टाळण्यासाठी पाळणारे लोक विशेष प्रकारचे दिवे लावतात. शिवाय एका कोपऱ्यात ऊब आणि दुसऱ्यात गारवा राहील अशी काळजी घेतात, म्हणजे प्राण्याला हवे तिकडे सरकता येते. बोरीच्या झुडपात ही सोय आयतीच असते. सकाळी पूर्वेकडील शेंडा, दुपारी आतली सावली आणि रात्री डहाळीचे बारीक टोक, असा घोयऱ्याचा दिनक्रम ठरलेला असतो. टोकाला झोपण्यातही हित आहे. साप आला तर डहाळी हलते आणि झोपलेल्याला इशारा मिळतो.

तिसरी गरज जिवंत आणि विविध भक्ष्याची. घोयऱ्याची नजर हालचालीवर खिळते. जे हलत नाही ते त्याला सहसा अन्न वाटत नाही. मेलेल्या माश्यांकडे त्याने पाहिले नाही ह्याचे कारण हेच. पिंजऱ्यात एकाच प्रकारचे किडे दिले तर त्यांतून पुरेसे कॅल्शियम मिळत नाही. म्हणून ते किडे आधी हिरव्या पाल्यावर पोसावे लागतात आणि त्यांना कॅल्शियमची पूड फासावी लागते. बांधावर मात्र नाकतोडे, माश्या, पतंग, अळ्या आणि भुंगेरे असे नाना परींचे जेवण असते. तूर, सोयाबीन, कापूस ह्या आपल्या पिकांच्या आसपास असे कीटक पुष्कळ असतात. एकटा घोयरा शेताचे रक्षण करील असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु कोतवाल, वेडा राघू, बेडूक, कोळी ह्या कीटकभक्षकांच्या सेनेतील तोही एक शिपाई आहे.

चौथी गरज उंचीची, मोकळ्या हवेची आणि एकांताची. घोयरा हा एकलकोंडा प्राणी आहे. दोन घोयरे एका पिंजऱ्यात ठेवले तर ते एकमेकांना भिववीत राहतात. लढले नाहीत तरी त्यांतील दुबळा खंगत जातो. काचेत दिसणारे आपले प्रतिबिंबही त्याला शत्रूच वाटते. कोंदट, ओलसर हवेत त्याला श्वासाचे विकार जडतात. माणसाने वारंवार हातात घेणे त्याला मुळीच मानवत नाही. कुत्रा किंवा पोपट माणसाच्या सहवासात रमतो. घोयऱ्याला माया लावली तरी ती त्याला भीतीच वाटते. खाली, जमिनीजवळ ठेवला तर आपण शत्रूच्या टप्प्यात आहोत, ह्या जाणिवेने तो सदैव धास्तावलेला राहतो.

पाचवी गरज केवळ मादीची, पण ती फार महत्त्वाची आहे. अंडी घालण्याची वेळ आली म्हणजे मादी झुडपावरून खाली उतरते, ओलसर मऊ माती उकरून बीळ करते, त्यात सुमारे दहा ते तीस अंडी घालते आणि ते पुन्हा मातीने बुजवून टाकते. पिले बाहेर येण्यास काही महिने लागतात. तोवर त्या मातीला कोणी धक्का लावता कामा नये. खोक्यातील किंवा पिंजऱ्यातील मादीला अशी माती मिळाली नाही, तर ती अंडी पोटातच धरून ठेवते आणि बहुधा त्यातच तिचा अंत होतो. रस्त्यावरून सावकाश चाललेला घोयरा दिसला, तर ती जागेच्या शोधात निघालेली मादी असण्याचा संभव असतो.

ह्या पाचही गरजा एकत्र मांडून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. दिवे, फवारे, जाळीचा पिंजरा, पोसलेले किडे आणि पुडी ह्यांच्या खटाटोपाने जाणकार लोक जे कसेबसे साधतात, ते सारे बांधावरचे एक जुने झुडूप काहीही खर्च न होता, न चुकता पुरविते. म्हणून आपल्या घोयऱ्याची उत्तम निगा राखण्याचा मार्ग त्याला घरी आणणे हा नव्हे. त्याचे घर जागच्या जागी राखणे हा होय.

देशाचा कायदाही हेच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने घोयऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे, मारणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा असून त्यासाठी कारावासाची व दंडाची शिक्षा होऊ शकते. येमेन, मादागास्कर अशा देशांतील काही जाती शहरांत हौसेने पाळल्या जातात, त्यांचीही नोंद शासनाकडे करावी लागते. कोणी बाजारात घोयरा विकावयास आणला तर दया येऊन तो विकत घेऊ नये. एक विकत घेतला की विकणारा रानातून आणखी दोन धरून आणतो. अशा वेळी वडीलधाऱ्या मंडळींच्या साहाय्याने वन विभागास कळविणे हाच योग्य मार्ग आहे.

तथापि घोयऱ्याचे घर केवळ कायद्याने राखले जात नाही. शेते मोठी करण्यासाठी बांध कोरले जातात. झुडपांच्या जागी लोखंडी तारेची कुंपणे येतात. त्या तारेवर ना दव साठते, ना सावली पडते, ना नाकतोडा बसतो. उन्हाळ्यात बांध पेटवून देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्या आगीतून पक्षी उडून जातो, ससा धावून निसटतो. पावलापावलाला डोलणाऱ्या घोयऱ्याने कोठे जावे? किडींवर मारलेले विष जसे किडीला बाधते, तसे ती किडी खाणाऱ्यालाही बाधते. ज्याची धाव कुंपणापर्यंतच आहे, त्याचे कुंपण गेले म्हणजे सर्वस्वच गेले.

ह्या संकटांत अज्ञानाची भर पडते. घोयरा विषारी आहे, त्याची फुंकर बाधते, तो दिसणे अशुभ, अशा समजुतींमुळे मुले त्याच्यावर दगड भिरकावतात आणि मोठी माणसे त्यांना अडवीत नाहीत. खरे पाहता घोयऱ्याच्या अंगी विष नाही. तो फुगतो आणि फिसकारतो ते केवळ भीतीने. अशा कल्पना आपल्याकडेच आहेत असे नाही. प्राचीन रोममधील प्लिनी ह्या विद्वान ग्रंथकारानेसुद्धा हा प्राणी काही न खाता-पिता केवळ हवेवर जगतो, असे लिहून ठेवले होते. तासन्‌तास निश्चल बसलेला घोयरा पाहून ही कल्पना निघाली असावी. कोणी धीर धरून थोडा वेळ पाहत राहिला असता, तर जीभ सुटताना त्याला नक्कीच दिसली असती.

विद्यार्थ्यांनो, ह्या बाबतीत तुम्हांला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. शेताच्या बांधावरची निदान काही जुनी झुडपे तशीच राहू द्यावीत, असे घरी आजोबांना किंवा वडिलांना सांगून पाहा. ती मातीही धरून ठेवतात, हे त्यांना तुमच्याहून चांगले ठाऊक आहे. बांध पेटविण्याऐवजी गवत कापून गुरांना घालता येते. घोयरा रस्त्यावर दिसला तर त्याला शेपटीने उचलू नका. एक लांब काठी त्याच्या पुढ्यात आडवी धरा. तो आपण होऊन तीवर चढेल. मग वाहनांकडे लक्ष ठेवून, तो ज्या दिशेने निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर त्याला सोडून द्या. तो जखमी असेल तर तोंडात बळेच पाणी ओतू नका. हवेशीर खोक्यात सावलीला ठेवून वनरक्षकास बोलवा. आणि त्याचे निरीक्षण करावयाचे असेल, तर चार हात दूर उभे राहून, न बोलता, धीराने करा. त्याचा रंग, त्याची चाल आणि त्याचा नेम ह्यांच्या नोंदी वहीत लिहून ठेवा. खोक्यातल्या घोयऱ्याकडून दहा दिवसांत जे शिकता येणार नाही, ते बोरीवरचा घोयरा एका सकाळी शिकवील.

आपल्याला आवडलेली वस्तू जवळ असावी असे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु काही प्राणी असे असतात, की त्यांच्यावरील प्रेम त्यांना त्यांच्या जागी राहू देण्यानेच सिद्ध होते. घोयरा त्यांपैकी एक आहे. त्याची धाव कुंपणापर्यंत असेल. ते कुंपण हिरवे ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.

स्वाध्याय

1. साधा सरडा आणि घोयरा ह्यांतील फरक चारपाच वाक्यांत सांगा.
2. भरलेल्या वाटीशेजारी घोयरा तहानेने का मरतो?
3. ‘घोयऱ्याचा रंग हे ढोंग नव्हे’ ह्या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
4. तारेचे कुंपण आणि झुडपांचे कुंपण ह्यांची तुलना करा.
5. आपल्या गावाजवळील एखाद्या बांधाचे निरीक्षण करून त्यावरील झाडे, कीटक व प्राणी ह्यांची यादी तयार करा.